'रुक्मिणी' या नांवाची कुळकथा

शिक्षक म्हणून आम्हांस रोज हजेरी घ्यावी लागते. 'रुक्मिणी' हें नांव हजेरीपटांत आतां क्वचितच आढळतें, आणि आढळलें म्हणजे मागल्या बाकांवरून हंसूं ऐकूं येतें. जिचें तें नांव, ती बिचारी मान खालीं घालते. आजीच्या काळचें, खेडवळ नांव, असा त्या हंसण्याचा अर्थ. पण हें नांव आपल्याच नदीकाठचें आहे, हें हंसणारांस ठाऊक नसतें.

'रुक्म' म्हणजे सोनें. त्याचा मूळ धातु 'रुच्', म्हणजे प्रकाशणें. 'रुचि' व 'रोचक' हे शब्दहि त्याच घरचे. रुक्मिणी म्हणजे सोन्यानें झळकणारी. भागवतांत विदर्भराज भीष्मकाच्या पांच पुत्रांचीं नांवें रुक्मी, रुक्मरथ, रुक्मबाहु, रुक्मकेश व रुक्ममाली अशीं दिलीं आहेत. सर्व भावंडांचीं नांवें एकाच अक्षरावरून ठेवण्याची आजच्या आईबापांची हौस किती जुनी आहे, हें यावरून दिसेल!

भीष्मकाची राजधानी कुंडिनपुर. अमरावती जिल्ह्यांतील, वर्धा नदीच्या तीरावरचें कौंडिण्यपूर तें हेंच, अशी परंपरा आहे. तीच वर्धा पुढें आपल्या राळेगांव तालुक्याच्या सीमेवरून वाहते. तेथून आषाढी वारीस रुक्मिणीची पालखी पंढरपुरास जाते, ती माहेरची पालखी म्हणून.

पंढरीच्या वाटेनेंच हें नांव महाराष्ट्रांत घरोघर पोंचलें. लोकांच्या जिभेस जोडाक्षर जड जातें. रत्नाचें जसें रतन, तसें रुक्मिणीचें रुखमा, रखमा झालें. पुढें 'आई' जोडून देवतेची रखुमाई झाली, 'बाई' जोडून घरची रखमाबाई झाली, आणि पुरुषांतहि कोणी रखमाजी झाला. ग्रंथकारांनींहि हातभार लाविला. तेराव्या शतकांत महदाइसेनें जे 'धवळे' रचिले त्यांचा विषय श्रीकृष्ण-रुक्मिणीचा विवाह. मराठीची आद्य कवयित्री ती हीच. एकनाथांनीं १५७१ मध्यें काशींत 'रुक्मिणीस्वयंवर' पुरें केलें, आणि चांगला वर मिळावा म्हणून उपवर मुलींनीं त्याचें पारायण करावें, अशी चाल पडली.

येथें आम्हांस थोडें थांबावेंसें वाटतें. मूळ कथा आज्ञाधारक उपवर मुलीची नाहींच. भाऊ रुक्मी यानें शिशुपालाशीं लग्न ठरविलें. बहिणीनें तें मानिलें नाहीं, आणि ब्राह्मणाच्या हातीं श्रीकृष्णास निरोप पाठविला. पारायण करविणाऱ्या किती वडिलांच्या हें ध्यानांत आलें असेल?

याच नांवाची दुसरी एक मुलगी १८६४ मध्यें मुंबईस जन्मली. रखमाबाईंचें लग्न अकराव्या वर्षीं झालें. पुढें नवऱ्यानें नांदावयास यावें म्हणून १८८४ मध्यें दावा लाविला, तेव्हां नकळत्या वयांतील लग्न आपणांस बंधनकारक नाहीं, असें त्यांनीं सांगितलें व वर्तमानपत्रांत पत्रें लिहून आपली बाजू मांडिली. १८८७ मध्यें न्यायालयानें, नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने कैद भोगा, असा निकाल दिला. त्यांनीं कैद पत्करण्याची तयारी दाखविली! अखेर १८८८ मध्यें नवऱ्यास दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढें लंडनला जाऊन १८९४ मध्यें त्या डॉक्टर झाल्या व सुरत आणि राजकोट येथें त्यांनीं स्त्रियांची सेवा केली. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामागें त्यांच्या खटल्यानें उठविलेलें वादळहि होतें. १९५५ मध्यें त्या वारल्या.

ख्रिस्ती घरांत अशीं नांवें चालतील काय, असें आम्हांस कांहीं पालक विचारतात. १८८३ मध्यें बाप्तिस्मा घेतल्यानंतरहि पंडिता रमाबाईंस जग रमाबाई म्हणूनच ओळखीत राहिलें; लक्ष्मीबाई टिळक ख्रिस्ती झाल्यावरहि लक्ष्मीबाईच राहिल्या. वास्तविक रुक्मिणी ही लक्ष्मीचाच अवतार मानिली जाते, म्हणजे हीं तिन्ही नांवें एकाच ठिकाणचीं. याहून जुना दाखलाहि आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायांत पौल किंख्रिया येथील मंडळीची सेविका फीबी हिची मोठ्या आदरानें शिफारस करितो. फीबी हें नांव ग्रीक पुराणांतील एका देवतेचें. पौलानें तें बदलण्यास सांगितल्याचें कोठें दिसत नाहीं, आणि त्याचाहि अर्थ तेजस्विनी असाच आहे.