कुठलं काम कुणाच्या टेबलावर

शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झालीस, फार बरं वाटलं. माझी सगळी नोकरी मुंबई महापालिकेच्या शाळांत गेली, शेवटची वर्षं मुख्याध्यापिका म्हणून. समितीच्या सभेला येणाऱ्या आया मी खूप पाहिल्या. कामावरची सुट्टी टाकून यायच्या, सही करायच्या आणि जायच्या. हा कारभार कसा चालतो हे त्यांना कुणी सांगतच नसे. तुझ्या बाबतीत तसं व्हायला नको म्हणून मावशी लिहिते आहे.

आधी तुझी जागा ओळख. ही समिती शाळेने मेहेरबानी म्हणून नेमलेली नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या 21 व्या कलमाने तुम्हाला तिथे बसवलंय. किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असं तो कायदा सांगतो. आपल्या राज्यात अध्यक्ष पालकांतूनच निवडतात आणि मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात. म्हणजे सभेची नोटीस ते काढणार, इतिवृत्त ते लिहिणार, पण सभा चालवायची तू. इतिवृत्त पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नकोस आणि कोऱ्या जागेखाली तर मुळीच नको. सभेत कुणी कितीही पोटतिडकीने बोललं, तरी वहीत ठराव म्हणून, सूचक-अनुमोदकाच्या नावासकट उतरलं नाही तर ते वरच्या कार्यालयापर्यंत पोचत नाही. ठरावाची प्रत पत्राला जोडायची, ते पत्र कार्यालयात द्यायचं आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेऊनच परत यायचं. पोच नसलेलं पत्र दिलं काय आणि न दिलं काय, सारखंच.

आता शिडी. शाळेत मुख्याध्यापक. त्यांच्यावर विभाग निरीक्षक, ज्यांना सगळे बीट ऑफिसर म्हणतात. वॉर्डाच्या पातळीवर प्रशासकीय अधिकारी (शाळा), म्हणजे ए.ओ. त्यांच्यावर उपशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी, आणि शिक्षण खातं सांभाळणारे उपायुक्त किंवा सहआयुक्त. त्याही वर अतिरिक्त आयुक्त आणि आयुक्त. पायरी सोडून एकदम वर गेलीस की कागद फिरून खालीच येतो आणि खालची माणसं दुखावलेली असतात, ते वेगळंच. पत्र ए.ओ.ना लिही आणि वरच्याला 'माहितीसाठी प्रत' पाठव. त्या एका ओळीत खूप ताकद असते.

पण शिडी पाठ झाली म्हणून काम होत नाही, कारण शाळेतली सगळी कामं शिक्षण खात्याकडे नसतातच. बहुतेक पालक इथेच दमतात. छत गळतंय, संडासाची टाकी फुटलीय, जिन्याचा कठडा हलतोय, ही कामं शाळा पायाभूत सुविधा कक्षाची, म्हणजे अभियंत्यांची. मुख्याध्यापक फक्त कळवू शकतात, निविदा काढू शकत नाहीत. फाटकाबाहेरचा कचरा, तुंबलेलं गटार, तिथेच लागलेल्या गाड्या यासाठी वॉर्ड ऑफिसात सहायक आयुक्तांना पत्र द्यायचं. अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तकं महापालिका ठरवत नाही. राज्य मंडळाच्या शाळांना पुस्तकं बालभारतीची येतात. उलट गणवेश, बूट, दप्तर, वह्या अशा ज्या 27 वस्तू मुलांना फुकट मिळतात, त्या महापालिकेच्या पैशाच्या. त्या उशिरा आल्या तर वर्गशिक्षिकेवर चिडू नकोस. तिच्या हातात वाटप असतं, खरेदी नसते. कुठल्या इयत्तेला काय आलं आणि काय आलं नाही याची यादी कर आणि ती ए.ओ.ना दे.

आणखी एक गुंता इमारतीचा. मुंबईत महापालिकेची मुलं आठ भाषांतून शिकतात : मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड. एकाच इमारतीत मराठी शाळा, उर्दू शाळा, हिंदी शाळा असतात. कुठे सकाळचं आणि दुपारचं सत्र वेगळं. प्रत्येकीचे मुख्याध्यापक वेगळे, समिती वेगळी, युडायस क्रमांक वेगळा. पण नळ एक, मैदान एक. पाण्याचा ठराव एकट्या मराठी शाळेने केला तर तो एका शाळेची कुरकुर ठरतो. वरच्या मजल्यावरच्या उर्दू शाळेच्या अध्यक्षबाईंना भेट आणि तोच ठराव दोन्ही समित्यांकडून एकाच आठवड्यात पाठवा. मी पाहिलंय, अभियंता लवकर येतो.

युडायस म्हणजे शाळेचा 11 अंकी क्रमांक. तो लिहून ठेव. त्यावरून शाळेत किती शिक्षक, किती वर्ग, किती स्वच्छतागृहं नोंदलेली आहेत हे सरकारी संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. चालू नसलेलं स्वच्छतागृह तिथे 'चालू' दिसत असेल, तर तो आकडा दुरुस्त करून घे. दुरुस्तीची मागणी त्या आकड्यावरच अडते.

आता सगळ्यांत महत्त्वाचं सांगते. 30 सप्टेंबर ही तारीख विसरायची नाही. त्या दिवशीचा पट धरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. कायद्याने पहिली ते पाचवीला 30 मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक हवा. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्याचं दुसऱ्या शाळेत समायोजन होतं, मग दोन वर्ग एकत्र बसतात, ते पाहून पालक मुलं काढतात आणि पट आणखी घसरतो. मराठी शाळा अशाच रिकाम्या होत गेल्या आणि ते बघताना माझा जीव तुटायचा. म्हणून जूनपासूनच समितीच्या बायकांनी वस्तीत फिरायला हवं. जन्मदाखला नाही, आधीच्या शाळेचा दाखला आला नाही, या कारणांनी प्रवेश नाकारता येत नाही, हे घराघरांत सांगा. गावाहून आलेल्या, बांधकामावर राहणाऱ्या कुटुंबांना हे माहीतच नसतं आणि त्यांची मुलं घरी बसतात. मोठं मूल असलं तर त्याला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यायचं, हेही कायद्यात आहे.

पैशाचं गणित दोन जागी आहे. लहान पैसा समग्र शिक्षा योजनेच्या संयुक्त शाळा अनुदानाचा. निकषाप्रमाणे 250 च्या वर आणि 1000 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला 75 हजार. त्याचा खर्च कशावर झाला हे पाहणं समितीचं काम आहे. बिलं मागताना संकोच करू नकोस आणि संशयाने तर मुळीच मागू नकोस. सगळ्या सदस्यांसमोर वाचून दाखवा म्हणायचं, एवढंच. मोठा पैसा महापालिकेच्या शिक्षण खात्याच्या स्वतंत्र अर्थसंकल्पात असतो आणि तो साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीला मांडतात. फेब्रुवारीत जाग आली तर उपयोग नाही. कायद्याचं 22 वं कलम सांगतं, की समितीने शाळा विकास आराखडा करायचा आणि अनुदानाचं नियोजन त्यावर आधारायचं. तो आराखडा पुष्कळ ठिकाणी मागच्या वर्षीचा उतरवून काढतात. तसं होऊ देऊ नकोस. दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळ्या सदस्यांनी शाळेत वर्गावर्गांतून फिरा, लिहा, आणि डिसेंबर संपायच्या आत ए.ओ. कार्यालयात पोच घ्या.

आराखड्याची प्रत नगरसेवकांनाही दे. स्थायी, सुधार, बेस्ट यांच्याबरोबर शिक्षण समिती ही महापालिकेची वैधानिक समिती. 1888 च्या महापालिका कायद्याने प्राथमिक शिक्षण हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य ठरवलंय आणि त्याचा जाब विचारण्याची जागा ती समिती. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, पुढे काही वर्षं प्रशासकाच्या हाती कारभार राहिला. त्या काळात शाळेचा प्रश्न सभागृहात मांडणारं कुणी नव्हतं. लोकांनी निवडलेला माणूस त्या खुर्चीत असणं किती गरजेचं आहे, ते तेव्हा मला पटलं.

मुलाला मारलं, प्रवेश नाकारला, असं काही घडलं तर तोंडी समेटावर थांबू नकोस. शिक्षण हक्क कायद्याच्या 32 व्या कलमाखाली महापालिकेकडे लेखी तक्रार कर. तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, त्यावर अपील राज्य बालहक्क आयोगाकडे. मात्र शिक्षकांच्या बाजूनेही उभी राहा. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसऱ्या कामाला त्यांना जुंपता येत नाही. वर्ग सोडून शिक्षिका भलत्याच सर्वेक्षणाला पाठवली, तर त्याविरुद्धचा ठराव समितीनेच करावा. तिला स्वतःला ते बोलता येत नाही.

सभा महिन्यातून एकदा घ्यायची असते. वेळ तू ठरव आणि धुणीभांडी करणाऱ्या बायकांना विचारून ठरव. दुपारी बाराची सभा कागदावर छान दिसते, पण येतं कोण? विषयपत्रिका चार दिवस आधी सगळ्यांना फोनवर पाठव, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना आवाजात रेकॉर्ड करून. मुदत दोन वर्षांची आहे. पोच घेतलेल्या सगळ्या प्रती एका फाइलीत लाव, आणि नवी समिती बसली की पहिल्याच सभेत ती फाइल तिच्याकडे सोपवल्याची नोंद इतिवृत्तात करून घे.