द्राक्षासाठी जीएचे द्रावण कसे करावे?

जिबरेलिक आम्लाची (जीए) भुकटी पाण्यात सावकाश व कमी विरघळते. ती सरळ पंपात टाकल्यास कण तळाशी बसतात आणि सर्व घडांना सारखी मात्रा मिळत नाही. यासाठी पुढीलप्रमाणे द्रावण करावे.

१) विम्ल पाण्यात जीएचे विघटन होते. म्हणून प्रथम सायट्रिक आम्ल वापरून पाण्याचा सामू ५.५ ते ६.५ करावा.

२) १ ग्रॅम शुद्ध भुकटी काचेच्या भांड्यात ५० मि.लि. अ‍ॅसिटोनमध्ये पूर्ण विरघळवावी. अ‍ॅसिटोन ज्वालाग्राही आहे. जवळ विडी, स्टोव्ह नसावा.

३) हे द्रावण १०० लिटर पाण्यात ढवळत ओतावे. त्याची तीव्रता १० पीपीएम होते.

द्रावण त्याच दिवशी फवारावे. पाण्यात विरघळणाऱ्या तयार जीएसाठी मात्र अ‍ॅसिटोनची गरज नाही.