ठिबक कंट्रोलरचे फर्मवेअर बदलताना
शेतकरी बंधूंनो, पालघर-बोईसर भागातील आपल्या चिकू बागेत ठिबकसाठी स्वयंचलित कंट्रोलर असेल, तर हे ध्यानात ठेवा. फर्मवेअर म्हणजे त्याच्या चिपमधील आज्ञावली. ती बदलताना मध्येच वीज गेल्यास जुनी पुसली जाते, नवी अपुरी राहते आणि कंट्रोलर बंद पडू शकतो. म्हणून हे काम एप्रिल-मेमध्ये टाळावे. पावसाळा संपताच, जमिनीत ओल असताना, निरभ्र दिवशी करावे.
१) मॉडेल क्रमांक जुळवून उत्पादकाचीच फाईल घ्यावी.
२) पाण्याचे वेळापत्रक वहीत उतरवावे.
३) पंप बंद करून कंट्रोलर इन्व्हर्टरवर घ्यावा.
४) काम संपेपर्यंत बटणांना हात लावू नये.
५) नंतर एकेक व्हॉल्व्ह चालवून पाहावा.
हाताने उघडण्याचा व्हॉल्व्ह मात्र कायम ठेवावा. यंत्र अडले तरी बाग तहानणार नाही.