पुसलेले फोटो परत मिळतात?

प्रश्न : दादरच्या फूलबाजारात पहाटे लोकांचे सहज टिपलेले फोटो काढत होतो. एका फूलवाल्या मावशींनी हरकत घेतली, गर्दी जमली. घाबरून त्यांचा फोटो पुसायला गेलो आणि सगळं कार्डच फॉरमॅट झालं. फोटो कायमचे गेले का? माझ्याकडून गुन्हा घडला का?
– एक हौशी छायाचित्रकार, ठाणे

उत्तर : धीर सोडू नका. कॅमेऱ्यातल्या साध्या फॉरमॅटने सहसा फोटोंची यादी पुसली जाते. नवं काही साठवेपर्यंत चित्रं कार्डावरच असतात. म्हणून त्या कार्डावर आता एकही फोटो काढू नका. ते संगणकाला जोडून ‘फोटोरेक’ हे मोफत सॉफ्टवेअर चालवा आणि सापडलेले फोटो संगणकावरच साठवा, कार्डावर नको. चित्रांसकट सगळं कार्ड पुसणारं ‘लो-लेव्हल फॉरमॅट’ झालं असेल, तर मात्र आशा कमी.

सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढणं सरसकट गुन्हा नाही. स्त्रीचे खासगी क्षण चोरून टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. भर बाजारातली फूलविक्री त्यात येत नाही. तरी मावशींचा नकार मला कायद्याहून मोठा वाटतो. त्यांचा फोटो परत मिळालाच, तर तो पुन्हा पुसा. आणि बाजारात जाणं सोडू नका. फक्त फोटो टिपल्यावर तो त्या माणसाला दाखवत जा.