आयडी ब्लॉक झाला, दाद कुणाकडे?

प्रश्न : महाळुंगे-चाकण भागात बाइकवर पार्सलं पोचवतो. रेट कापल्याबद्दल बोललो तर आयडी ब्लॉक झाला. आम्हाला युनियन काढता येते का?

उत्तर : येते. सात जण नोंदणीचा अर्ज करू शकतात. मात्र त्या आस्थापनेतले वा उद्योगातले दहा टक्के किंवा शंभर कामगार, जे कमी असेल तेवढे, सदस्य हवेत. खरी गोची पुढे आहे. शेजारच्या एमआयडीसीतल्या कायम कामगाराला काढलं, तर त्याला कायद्याने दाद मागता येते. तुम्ही मात्र म्हणे ‘पार्टनर’. म्हणजे मालक कोण, इथूनच वाद सुरू! 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत तुमच्यासारख्या गिग कामगारांची व्याख्या आहे, कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के कल्याण निधीत भरायचेत. पण डिलिव्हरीच्या रेटला हात लावलेला नाही. माथाडींनाही एक ठरलेला मालक नव्हता; अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि 1969 मध्ये कायदा आला. तुमच्यासाठी तसा कायदा येईल तोवर ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करा. कमाईचे आणि ब्लॉकच्या मेसेजचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. वाद उभा राहिला तर पुरावा तोच.