पंगतीचा खर्च व त्याची वाटणी

जेवणाच्या शिष्टाचाराविषयी आपल्याकडे लहानपणापासून पुष्कळ सांगितले जाते. हातपाय धुऊन पाटावर बसावे, ताटात अन्न टाकू नये, वाढणाऱ्यास वेळेवर 'पुरे' म्हणावे, सर्वांचे जेवण होईपर्यंत पंगतीतून उठू नये, इत्यादी गोष्टी घरी आई सांगते व शाळेत गुरुजी सांगतात. परंतु घराबाहेर चार मित्र मिळून जेवले आणि जेवणानंतर पैसे देण्याची वेळ आली, म्हणजे कोणी कसे वागावे, हे मात्र बहुधा कोणी शिकवीत नाही. याचे कारण उघड आहे. घरच्या पंगतीत यजमान एक व बाकीचे पाहुणे असतात. तेथे पैशाचा प्रश्नच उद्भवत नाही. उपाहारगृहात बसलेल्या मंडळींत यजमान एक तर कोणीच नसतो किंवा सगळेच असतात. हा विषय कित्येकांस क्षुल्लक वाटेल. तथापि आमचा अनुभव असा आहे की, मोठ्या रकमेच्या देण्याघेण्याने मैत्री जितकी बिघडते, तितकीच ती वीस-पंचवीस रुपयांनीही बिघडते. कारण मोठ्या रकमेची बोलणी उघडपणे होतात व लहान रकमेची बोच मनातच राहते.

आपल्या वऱ्हाडात या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर फार पूर्वीपासून चालत आलेले आहे. ते म्हणजे शेतात किंवा मारुतीच्या देवळाजवळ होणारे रोडग्यांचे जेवण. बुलढाणा जिल्ह्यातील बहुतेक वाचकांनी ते जेवलेले असेल. परंतु जेवताना त्याच्या जमाखर्चाकडे कोणाचे लक्ष गेले असेल, असे वाटत नाही. ज्याच्या घरी गहू पिकला तो जाडसर दळलेली कणीक आणतो. ज्याच्या मळ्यात वांगी आहेत तो वांगी आणतो. ज्याच्या गोठ्यात म्हैस आहे त्याच्याकडून तूप येते. आणि ज्याच्या घरी यांपैकी काहीच नाही तो गोवऱ्या रचतो, विहिरीचे पाणी शेंदतो, किंवा धुरापुढे बसून आरावरचे रोडगे उलटपालट करतो. हे शेवटचे काम सोपे आहे, असे कोणी समजू नये. आर फार कडक असला तर रोडगा वरून करपतो व आत कच्चा राहतो. मंद असला तर पंगत ताटकळते. भाजलेला रोडगा राखेतून काढून फडक्याने झाडून तुपात बुडवला, की तो ज्याने भाजला त्याचे नाव सर्वांच्या तोंडी असते, आणि कणीक कोणाच्या घरची होती हे कोणी विचारीत नाही. येथे प्रत्येकाचा वाटा निराळा आहे, पण वाटा नाही असा कोणीही नाही. ज्याच्या खिशात एक पैसा नाही असा मुलगाही त्या पंगतीस ताठ मानेने बसतो.

गोपाळकाल्याचे मर्मही हेच होय. गोपाळांनी आपापल्या घरून आणलेल्या शिदोऱ्या एकत्र कालवल्यावर कोणाची भाकरी शिळी होती व कोणाचे दही घट्ट होते, हे निवडून काढता येत नाही. अखंड हरिनाम सप्ताहाची सांगता काल्याने होते, व अनेक गावी त्या दिवशीच्या महाप्रसादासाठी घरोघरचा शिधा गोळा केला जातो, तो याच भावनेने.

असे जेवण केवळ आपल्याच देशात होते असे नाही. प्राचीन ग्रीक लोकांत सर्वांनी आपापला वाटा घालून केलेल्या जेवणास 'एरानोस' असे नाव होते. होमर कवीच्या 'ओडिसी' या महाकाव्याच्या पहिल्याच सर्गात त्याचा उल्लेख आहे. राजा ओडिसिअस परदेशी अडकला असता त्याच्या घरी आगंतुक तरुणांची टोळी येऊन बसते व त्याची गुरेढोरे कापून रोज मेजवान्या झोडते. वेषांतर करून आलेली अथीना देवी तो धिंगाणा पाहून राजपुत्रास विचारते की, ही मेजवानी आहे की लग्न? कारण हे एरानोस तर खासच दिसत नाही. तिच्या बोलण्याचा आशय असा की, स्वतःचा वाटा घालून जेवणारी माणसे इतकी उन्मत्तपणे वागत नाहीत. दुसऱ्याच्या पैशाने खाणाऱ्याचा हात सैल सुटतो, ही गोष्ट त्या काळीही लोकांस ठाऊक होती.

पुढे याच ग्रीस देशातील करिंथ नगरात ख्रिस्ती मंडळी एकत्र जमून भोजन करू लागली, तेव्हा निराळीच अडचण उत्पन्न झाली. प्रत्येक जण आपले आणलेले आपणच आधी खाऊन घेई. त्यामुळे एक जण उपाशी राही व दुसऱ्यास जास्त होई. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात यावरून त्यांची कडक शब्दांत कानउघाडणी केली आहे. तिचा रोख अन्नाच्या तुटवड्यावर नाही. ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना चारचौघांत खाली पाहावे लागते, हा त्याचा मुख्य आक्षेप आहे. म्हणून त्याने एकमेकांसाठी थांबावयास सांगितले. वाटणीच्या शिष्टाचारावर याहून मार्मिक विवेचन आमच्या वाचनात नाही.

शेतातील पंगत सोडून आपण उपाहारगृहाच्या बाकावर बसलो, म्हणजे गोवऱ्या, पाणी व मेहनत यांना किंमत राहत नाही. वाटा फक्त रोख पैशांत मोजला जातो. तेथे दोन रीती प्रचलित आहेत. एक, एकूण रकमेचे डोकी मोजून सारखे भाग करणे. दुसरी, ज्याने जे खाल्ले त्याचे त्याने देणे. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यांनी दुसऱ्या रीतीस 'टी. टी. एम. एम.', म्हणजे 'तुझे तू, माझे मी', असे सुटसुटीत नाव दिलेले आहे. मौज अशी की, अनेक राष्ट्रांनी आपापले भरण्याच्या किंवा खर्च वाटून घेण्याच्या रीतीस परक्यांचे नाव चिकटवले आहे. इंग्रज तिला डचांची रीत म्हणतात. सतराव्या शतकात समुद्रावर त्यांच्याशी लढाया झाल्या, तेव्हापासून डचांना नावे ठेवण्याची खोडच इंग्रजी भाषेस लागली. तुर्क लोक तिला जर्मनांची पद्धत म्हणतात. पैसे मोजून घेणे हे काम जो तो शेजाऱ्यावर ढकलतो!

सारखे भाग करणे दिसावयास उदार दिसते, पण त्यात एक खोच आहे. इस्राएल देशातील हैफा येथे अर्थशास्त्रज्ञांनी याची परीक्षा केली व तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. एकमेकांस अनोळखी अशा सहा-सहा जणांना एका उपाहारगृहात जेवावयास बसवले. ज्यांनी आपापले पैसे भरावयाचे होते त्यांनी सरासरी सुमारे ३७ शेकेल किमतीचे पदार्थ मागवले. ज्यांची एकूण रक्कम सहांत सारखी विभागली जाणार होती त्यांनी सुमारे ५१ शेकेलचे मागवले. आणि ज्यांना फुकट मिळणार होते त्यांची मजल ८२ शेकेलपर्यंत गेली. कारण स्पष्ट आहे. सहा शेकेलचा जादा पदार्थ मागवला तर मागवणाऱ्याच्या वाट्यास एकच शेकेल येतो व उरलेले पाच इतर भरतात. सगळेच असा विचार करू लागले म्हणजे शेवटी सगळ्यांनाच जास्त भरावे लागते. आणि यातील विशेष असा की, आधी विचारले असता बहुतेकांनी आपापले पैसे आपण भरणेच पसंत केले होते.

आता आपल्याकडचे उदाहरण घेऊ. शेगावच्या स्थानकावर गाडी थांबली असता कचोरी घेणाऱ्या चौघांचा हिशेब सोपा असतो, कारण कचोऱ्या मोजता येतात. पण समजा, सहा मित्र उपाहारगृहात गेले. चौघांनी १५० रुपयांची थाळी घेतली, पाचव्याने ६० रुपयांची मिसळ घेतली, व सहाव्याने नुसता ५० रुपयांचा फराळ केला. एकूण ७१० रुपये झाले. त्यावर शेकडा ५ प्रमाणे वस्तू व सेवा कर ३५ रुपये ५० पैसे. मिळून ७४५ रुपये ५० पैसे. सारखे भाग केल्यास प्रत्येकी १२४ रुपये २५ पैसे पडतात. वास्तविक करासह थाळीवाल्याने १५७ रुपये ५० पैसे, मिसळवाल्याने ६३ रुपये व फराळवाल्याने ५२ रुपये ५० पैसे देणे योग्य होते. म्हणजे पोटभर जेवलेल्या चौघांचे मिळून १३३ रुपये वाचले, आणि ते कोणी भरले? ज्यांनी सर्वांत कमी खाल्ले त्या दोघांनी. शिवाय पुष्कळदा कमी खाणारा मनुष्य भूक नसते म्हणून कमी मागवतो असे नव्हे. तो खिशाकडे पाहून मागवतो. 'जाऊ द्या हो, सारखे करून टाकू' असे मोठ्या आवाजात म्हणणारा बहुधा थाळीवालाच असतो, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. असे म्हणण्याचा अधिकार खरे पाहता फक्त त्याला आहे, ज्याने सर्वांत थोडे खाल्ले. आणि तो बिचारा संकोचाने गप्प असतो.

यास्तव बोलणे व्हावयाचे ते पदार्थ मागवण्यापूर्वी व्हावे. आपली मराठी भाषा याबाबतीत फार सोयीची आहे. 'चला, चहा घेऊ' म्हटले म्हणजे कोणी कोणास आमंत्रण दिले असे होत नाही; 'चला, चहा पाजतो' म्हटले की पैसे बोलणाऱ्याचे. पहिले वाक्य बोलून दुसऱ्याचा आव आणणे, किंवा दुसरे बोलून पैसे देताना दूर पाहणे, हे दोन्ही लबाडीचेच प्रकार होत. ज्यास कोणी जेवावयास नेले आहे त्याने यजमानाच्या आधी सर्वांत महाग पदार्थाचे नाव घेऊ नये. जो मांसाहार करीत नाही, किंवा ज्याचा त्या दिवशी उपास आहे, त्याच्या माथी मटणाचा खर्च मारू नये. कर सर्वांनी आपापल्या पदार्थांच्या प्रमाणात भरावा. सेवाशुल्क ही बाब कराहून निराळी आहे. उपाहारगृहांनी ते बिलात आपोआप जोडू नये असा निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ च्या जुलैमध्ये दिला, व दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ च्या मार्चमध्ये तो कायम केला. तेव्हा ते देणे न देणे खाणाराच्या खुषीवर आहे.

नित्य भेटणाऱ्या स्नेह्यांत पाळीपाळीने पैसे देण्याची चाल आहे, व ती चांगली आहे. मात्र ज्याची पाळी असेल त्यानेच जागा ठरवावी. एकाने आपल्या पाळीस मोठ्या उपाहारगृहात नेले म्हणून दुसऱ्याने कर्ज काढून तेथेच नेले पाहिजे असे नाही. टपरीवरचा चहा ही देखील पूर्ण पाळी होय. गल्ल्यापाशी उभे राहून 'मी देतो, मी देतो' म्हणून एकमेकांचे हात ओढणारे दोन वडीलधारे गृहस्थ आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यात प्रेम असते हे खरे; पण मागे माणसांची रांग खोळंबलेली असते, तिचाही विचार व्हावा.

विद्यार्थ्यांत अलीकडे एक प्रथा बळावली आहे, तिचा आम्हांस मनापासून तिटकारा आहे. कोणाचा वाढदिवस आला किंवा कोणास चांगले गुण मिळाले, की मित्र 'पार्टी दे' म्हणून त्याच्या मागे लागतात. देणाऱ्याने आपण होऊन दिले तर ते आमंत्रण. घेराव घालून घेतले तर त्यास दुसरे नाव आहे, ते येथे लिहीत नाही. ज्याच्या वडिलांची रोजची मजुरी त्या एका पार्टीत खर्ची पडेल, अशा मुलाने आपला वाढदिवस मित्रांपासून लपवून ठेवावा, यात त्याच्या मित्रांची शोभा काय?

सहलीच्या वर्गणीचेही असेच आहे. लोणारचे सरोवर किंवा सिंदखेडराजा पाहावयास वर्ग निघतो, वर्गणी ठरते, आणि त्याच दिवशी दोन-तीन मुलांचे नेमके पोट दुखते किंवा घरी काम निघते. त्या पोटदुखीचे औषध वर्गमित्रांपाशी व शिक्षकांपाशी असते. वर्गणी वर्गात नावे पुकारून गोळा करू नये. शिक्षकांनी ती बंद पाकिटात घ्यावी व कोणाच्या पाकिटात किती होते हे स्वतःपाशीच ठेवावे. दुपारचे जेवण उपाहारगृहात न घेता घरून शिदोऱ्या नेल्या, तर वर्गणीचा निम्मा भार तेथेच उतरतो. पालकांस आमची विनंती अशी की, ज्यांना शक्य आहे त्यांनी चार भाकऱ्या अधिक बांधून द्याव्या, आणि त्या कोणासाठी आहेत हे मुलास सांगू नये.

आता मोबाइलमधून दामाजीपंत क्षणात इकडून तिकडे जातात, त्यामुळे सुट्या पैशांची सबब उरलेली नाही. एकाने सर्वांचे पैसे भरले असतील तर त्यास मागावयास लावू नये; त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आत, आपला भाग पोचता करावा. ज्याने हिशेब ठेवला त्याने तो सर्वांस दाखवावा, व वर्गणीतून रक्कम उरल्यास ती कितीही लहान असली तरी परत करावी किंवा सर्वांना विचारून पुढच्या खेपेसाठी ठेवावी.

रोडग्यांच्या पंगतीत असे काही उरवण्याचा प्रश्न येत नाही. उरलेले रोडगे जाताना सर्वांत वाटले जातात. ज्याने कणीक आणली तो त्यातून जास्त मागत नाही, आणि ज्याने गोवऱ्या रचल्या तो कमी घेत नाही. घरी लहान भावंडे वाट पाहत असतात, ती तो रोडगा गुळातुपात कुस्करून खातात.