जात की जीव?

नाझरेथचे नुसते नाव ऐकून नथानेलने शंका काढली. फिलिपने वाद घातला नाही. स्वतः येऊन बघ म्हणाला (योहान १:४६).

२००७ साली अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात फुटबॉलपटू मायकेल व्हिक याच्या जागेतून झुंजीसाठी पाळलेले सुमारे ५० पिट बुल कुत्रे सोडवले गेले. ही जातच क्रूर, सर्वांना मारावे, असे काही प्राणिमित्र संस्थांनाही वाटले. (आपल्याकडे 'जात' हा शब्द माणसालाही लावतात!) तज्ज्ञांनी मात्र प्रत्येकाला वेगळे तपासले. आक्रमक म्हणून एकालाच मारावे लागले. २२ कुत्रे युटा राज्यातील एका आश्रमात गेले. काही भीतीने जमिनीला चिकटून राहत. सेवक तासन्‌तास नुसते शेजारी बसत. त्याच झुंजींतून सुटलेला लिओ पुढे कॅलिफोर्नियात कर्करोगाच्या रुग्णांना भेटायला जाऊ लागला.